जोडबाळ

उणे ऐंशी अंशांच्या फ्रीजरमध्ये, तिसऱ्या कप्प्यात, एकेचाळीस नळ्या होत्या. अडतीस नळ्यांत प्रत्येकी अर्धा मिलिलिटर सीरम होतं. दोन नळ्यांची झाकणं थंडीनं तडकली होती, त्या बाद. उरलेल्या एका नळीत थोडं जास्त, शून्य पूर्णांक सहा मिलिलिटर होतं. ते रक्त मी स्वतः काढलं होतं, आणि बहिणीचं म्हणून जरा सावकाश काढलं होतं. लेबलवरचं अक्षर माझं : पूर्वा विश्वजित शितोळे, वय सत्तावीस, चौदावा आठवडा, नऊ जुलै.

त्या दिवशी नळीला सहा महिने आणि एक दिवस झाला होता. मधल्या काळात तिला कुणी हात लावला नव्हता. लावायचा होता तो मीच.

मी जीवरसायनशास्त्रात एम.एस्सी. केलं आणि आमच्याच गावच्या मातृकेंद्रात तंत्रज्ञ म्हणून लागले. काम सोपं होतं. गरोदर बाई नाव नोंदवायला आली की तिच्या दंडावर पट्टी लावायची. टपाल तिकिटाएवढी, पारदर्शक. तिच्या खालच्या बाजूला केसाहून बारीक चारशे सुया असतात, त्या कातडीखालच्या द्रवापर्यंत पोचतात, पण दुखत नाहीत. दर पंधरा मिनिटांनी पट्टी त्या द्रवातली सात संप्रेरकं मोजते : थायरॉइडची दोन, इन्सुलिन, कॉर्टिसोल आणि आणखी तीन. आकडे फोनवरून केंद्रात येतात.

पण बायका पट्टीसाठी यायच्या नाहीत, जोडबाळासाठी यायच्या.

आईच्या रक्तात कुठल्या वेळी कुठलं संप्रेरक किती आहे हे नऊ महिने सलग कळलं, तर पोटातल्या बाळाची वाढ गणितानं काढता येते. अकरा लाख गरोदरपणांच्या नोंदींवर हे गणित शिकवलेलं होतं. त्यातून फोनच्या पडद्यावर एक बाळ तयार व्हायचं. आईची साखर वाढली की ते गुटगुटीत व्हायचं, थायरॉइड कमी पडलं की त्याची हालचाल मंदावायची आणि केंद्रात लाल दिवा लागायचा. दिवा लागला की गोळीचा डोस त्याच दिवशी बदलायचा. आमच्या तालुक्यात चार वर्षांत मंदबुद्धीचं एकही मूल थायरॉइडमुळे जन्मलं नव्हतं. जोडबाळाचं वजन आणि खऱ्या बाळाचं वजन यांत सरासरी साठ ग्रॅमचा फरक पडायचा. त्यामुळे ज्या बायांचा दिवा हिरवा, त्यांची शेवटच्या महिन्यांतली सोनोग्राफी बंद करण्यात आली होती. पोटावर हातानं ठोके मोजायचा रकाना फॉर्मवर होता, पण 'ऐच्छिक' असं लिहून.

या गणितात एक गृहीतक होतं, आणि ते मला माहीत होतं. जोडबाळ आईच्या संप्रेरकांवरून काढलेलं असतं. आईकडून बाळाकडे संप्रेरकांशिवाय आणखी काही जात असेल, तर ते त्याला कुणीतरी सांगावं लागतं.

नऊ जुलैला पूर्वाबरोबर तिच्या सासूबाईही आल्या होत्या. पूर्वा त्यांना आत्या म्हणायची, म्हणून मीही. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून नाव आमच्याच केंद्रात घालायचं ठरलं होतं. शितोळ्यांचा धंदा गलाईचा, सोनं-चांदी गाळण्याचा. दाजी कोइमतूरला दुकानात, आत्या इकडे विट्याजवळच्या गावात. आत्यांनी येताना माझ्यासाठी चिवडा आणला होता, आणि टेबलावर कोपर ठेवून त्या माझ्या पडद्यात डोकावत होत्या. पलीकडे आमची आई बसली होती.

प्रश्न चौदा. थायरॉइडची गोळी चालू आहे का?

"हाय की," आत्याच म्हणाल्या. "लग्नात सांगितलंवतं. थायराइड काय, आमच्या धाकट्या जावंला पण हाय. घरोघरी हाय आता."

पुढचा प्रश्न : कारण. त्याला चार पर्याय होते. ग्रंथी आपोआप मंद झाली, शस्त्रक्रिया, किरणोत्सारी आयोडीन, माहीत नाही.

आई माझ्याकडे बघत नव्हती. ती पर्सची चेन उघडत होती आणि लावत होती.

चार वर्षांपूर्वी पूर्वा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती. दोन महिन्यांत तिचं नऊ किलो वजन गेलं. हात थरथरायचे, डिसेंबरात ती पंखा लावून झोपायची, आणि गप्प बसलेली असतानाही गळ्याजवळ तिची नाडी उडताना दिसायची. शहरातल्या डॉक्टरांनी निदान केलं. थायरॉइड ग्रंथीला दारावरची बेल असावी तसं एक बटण असतं. मेंदूकडून निरोप आला की ते दाबलं जातं, ग्रंथी काम करते, बोट उचललं की थांबते. पूर्वाच्या रक्तात शरीरानं चुकून एक अँटिबॉडी तयार केली होती. ती त्या बटणावर बोट ठेवून बसली होती आणि उचलत नव्हती.

डॉक्टरांनी दोन उपाय सांगितले. एक, गळ्याचं ऑपरेशन करून ग्रंथी काढायची. दुसरा, किरणोत्सारी आयोडीनची कॅप्सूल : ग्रंथी आयोडीन ओढून घेते आणि आतल्या आत जळून जाते.

"खूण कशात राहत नाही?" आईनं विचारलं होतं.

खूण कॅप्सूलमध्ये राहत नाही. पूर्वा पाच दिवस वेगळ्या खोलीत राहिली. शेजारी आम्ही सांगितलं की ती कॉम्प्युटरच्या कोर्सला गेलीय. त्यानंतर ग्रंथीच नव्हती, म्हणून रोज सकाळी एक गोळी, जशी घरोघरी असते. शितोळ्यांचं स्थळ आलं तेव्हा आईनं देव्हाऱ्यातला भंडारा आमच्या दोघींच्या तळहातावर ठेवला. "गोळी चालू आहे एवढं सांगायचं. बाकी या घरातलं या घरात. उचला." आम्ही भंडारा कपाळाला लावला. आमच्याकडे भंडारा उचलला की ते बोलणं मोडत नाहीत. पूर्वा तेव्हा हसली होती. म्हणाली, "इशू, तू तर सायन्सवाली ना गं?" मी म्हटलं, "नुसती हळद. काही होत नाही."

कर्सर चार पर्यायांवर थांबला होता. तिसरा निवडला असता तर तो आत्यांना दिसला असता, आणि पाच मिनिटांत जोडलेल्या सगळ्या फोनांवर गेला असता : दाजींच्या, आत्यांच्या, आईच्या. मी मनात एक युक्तिवाद केला. तो मला आजही शब्दशः आठवतो : पट्टी प्रत्यक्ष संप्रेरकच मोजते आहे, मग कारणाची गरज काय?

मी चौथा पर्याय दाबला. माहीत नाही.

ऑक्टोबरच्या मध्यावर सासरी डोहाळजेवण झालं. आत्यांनी फोन टीव्हीला जोडला होता. हिरव्या साडीतली, फुलांचे दागिने घातलेली पूर्वा एका बाजूला आणि टीव्हीवर हातभर मोठं जोडबाळ दुसऱ्या बाजूला. बाळ अंगठा चोखत होतं. खाली ठोक्यांचा आकडा : १४१.

"बघा, बघा, आजोबावर गेलंय. झोपलं तरी भुवई चढलेली," आत्या म्हणाल्या आणि बायका हसल्या.

"अगं आक्का, ते गणितानं काढलेलं हाय. त्याला कुठला आजोबा?" कुणीतरी म्हणालं.

"मग गणित आमच्या घरातलंच असंल."

कोइमतूरहून दाजी फोनवर होते. "ठोके जरा मोठ्यानं लाव," ते म्हणाले. पूर्वानं आवाज वाढवला. टक, टक, टक, एकसारखे. सगळं घर गप्प बसून ऐकत होतं. मी पूर्वाच्या शेजारी होते. तिनं माझा हात धरून पोटावर ठेवला.

"हे असं का गं?" ती हळूच म्हणाली. "तिथं ते झोपलंय. आणि हे बघ, कसं लाथा मारतंय."

माझ्या तळहाताखाली हालचाल होती. मी सांगितलं की पडद्यावर सरासरी दाखवतात, क्षणाक्षणाचं नाही. हे बरोबर होतं. तिचं समाधान झालं.

दिवाळीच्या आधी पूर्वा माहेरी आली. दिवाळी झाल्यावर पहिल्या सोमवारी, तिसावा आठवडा संपल्यावर, मी तिला केंद्रात घेऊन गेले. तिथे हौसाक्का होत्या. आमच्या केंद्रातल्या सगळ्यांत जुन्या नर्सबाई, मार्चमध्ये निवृत्त होणार होत्या. त्यांच्या खिशात अ‍ॅल्युमिनियमची नरसाळ्यासारखी एक नळी असे. ऐच्छिक रकाना भरणाऱ्या तालुक्यात त्या एकट्या. त्यांनी नळी पूर्वाच्या पोटावर टेकवली, दुसऱ्या टोकाला कान लावला आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघत पूर्ण मिनिटभर ओठ हलवले. मग पुन्हा एक मिनिट.

"पळतंय गं लय," त्या म्हणाल्या. "एकशे शहात्तर."

मी फोन दाखवला. जोडबाळ : १४३. दिवा हिरवा. "आक्का, तुमचं घड्याळ पुढं गेलं असेल."

हौसाक्कांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "घड्याळ पुढं पळत असंल तर मिनिट लवकर संपंल की. मग ठोके कमी भरायचे, का जास्ती?"

त्यांचं बरोबर होतं.

त्यांनी आकडा लिहिला. यंत्रानं तो वाचला, आईची संप्रेरकं तपासली, सगळी ठीक आढळली, आणि नियमाप्रमाणे सांगितलं : सात दिवसांनी पुन्हा मोजा. सात दिवसांनी हौसाक्कांनी पुन्हा मोजलं. एकशे चौऱ्याऐंशी. यंत्रानं पुन्हा तेच सांगितलं.

"तुझी पट्टी आईचं ऐकतीया," त्या नळी पुसत म्हणाल्या. "मी लेकराचं ऐकतीया. दोघींत कोण खोटं बोलतंय?"

दोघीही खरं बोलत होत्या. त्या दुपारी मी माझं जुनं पुस्तक उघडलं. दीड पान होतं. ग्रंथी जळून गेली म्हणून अँटिबॉडी जात नाही. ती रक्तात वर्षानुवर्षं राहते, कॅप्सूल घेतलेल्यांत तर आधी वाढते. ऑपरेशन केलेल्यांत ती लवकर उतरते. आईच्या अंगात तिला दाबायला बटण उरलेलं नसतं, त्यामुळे आईचे आकडे सुरेख येतात. पण ही अँटिबॉडी वारेतून बाळाकडे जाते, पाचव्या महिन्यापासून जास्त जास्त. तिथे बाळाची कोवळी ग्रंथी असते, नवं बटण. जे पूर्वाला झालं होतं ते आता आतल्या बाळाला होत होतं. पट्टीच्या सुयांना अँटिबॉडी कळत नाही, त्यासाठी रक्त वेगळं तपासावं लागतं. फॉर्मवर तिसरा पर्याय दाबला असता तर यंत्रानंच ती तपासणी मागितली असती.

उपाय पुढच्याच परिच्छेदात होता. आईला एक गोळी देतात, ती वारेतून जाऊन बाळाच्या ग्रंथीला आवरते.

आई स्वयंपाकघरात भाकरी थापत होती. मी दार लोटलं आणि सगळं सांगितलं. आईनं भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली. शेवटपर्यंत ऐकलं.

"रविवारी येतायत ती माणसं," ती म्हणाली. "विश्वजितराव पण येणार. आठव्याची ओटी भरू दे. लेकीचा सण होऊ दे. सोमवारी मी स्वतः विट्याला जाऊन आत्याबाईंच्या पाया पडते आणि सांगते. माझ्या तोंडानं सांगू दे. तुझ्या त्या यंत्रानं नको."

"आई, सहा दिवस आहेत मध्ये."

"सात महिने गेले ना? सहा दिवसांनी काय होतंय?"

पुस्तकात दिवसांचा हिशेब नव्हता. नळी फ्रीजरमध्ये होती, तपासायला अठरा मिनिटं लागली असती. पण कारण भरल्याशिवाय यंत्र ती तपासणी घेत नाही, आणि निकाल सगळ्या फोनांवर जातो. आमच्या तालुक्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टर बागवान मॅडमना मला नुसतं तोंडी सांगता आलं असतं. त्या रोज सकाळी साडेनऊला माझ्या दारावरून जातात. मंगळवारी गेल्या. बुधवारी गेल्या. गुरुवारी त्यांनी थांबून विचारलं, "ताईचं कसं चाललंय?"

"छान आहे मॅडम."

शनिवारी सकाळी सात वाजता पूर्वाच्या पोटात दुखायला लागलं. बत्तिसावा आठवडा नुकता संपला होता. अकरा वाजून वीस मिनिटांनी तालुक्याच्या दवाखान्यात मुलगी झाली.

वजन एक हजार चारशे साठ ग्रॅम. त्या क्षणी जोडबाळाचं वजन एक हजार आठशे दहा होतं. फरक तीनशे पन्नास. ठोके दोनशे चोवीस. मी काचेतून बघितलं. इतक्या लवकर आलेली बाळं डोळे मिटून असतात. हिचे सताड उघडे होते, आणि ती इकडेतिकडे बघत होती, एखाद्या घाईत असलेल्या बाईसारखी. गळ्यावर लहान सूज होती. बागवान मॅडमनी टाळूवर बोट ठेवलं. करंगळीचं टोक मावेल इतकीच मऊ जागा उरली होती.

त्या बाहेर आल्या. "आईचे चार्ट मी तीनदा बघितले. एक रेघ वाकडी नाही. जंतुसंसर्ग धरून सुरुवात करते, पण मला ते पटत नाही." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "ईश्वरी, तुझ्या डेटात काही सुटलंय का?"

आत्या नुकत्याच पोचल्या होत्या. दाजींचं विमान दुपारचं होतं. आत्यांच्या हातात पिशवी होती, पिशवीत टाळू भरायला घाण्यावरच्या तेलाची बाटली. आई भिंतीला टेकून उभी होती.

"पूर्वानं किरणोत्सारी आयोडीन घेतलंय," मी म्हणाले. "चार वर्षांपूर्वी. तिला थायरॉइड कमी नव्हतं, जास्त होतं. अँटिबॉडी तपासलेली नाही."

मॅडमनी एकच विचारलं. "फॉर्म कुणी भरला?"

"मी."

त्या वळून आत गेल्या आणि दोन मिनिटांत औषध सुरू झालं. बाळाच्या ग्रंथीला आवरणारं एक, हृदयाला आवरणारं एक. निदान बरोबर होतं. उशीर किती झाला होता ते मोजायला त्यांच्याकडे वेळ नव्हता.

आत्या बाकावर बसल्या. पिशवी मांडीवर. आई त्यांच्या पायांशी वाकायला गेली, तर त्यांनी तिचे खांदे धरून तिला वर उचललं.

"वाकू नका," त्या म्हणाल्या. "आधी सांगितलं असतं तर सोयरीक मोडली असती, हे खरं. मीच मोडली असती. लग्नानंतर सांगितलं असतं तर चार दिस बोलले असते. शिव्या दिल्या असत्या." त्या काचेकडे बघत राहिल्या. "पण औषध दिलं असतं की हो."

थोड्या वेळानं त्यांनी बाटली बाहेर काढली, झाकण घट्ट आहे का बघितलं आणि पुन्हा आत ठेवली. "टाळू भरायला पण जागा ठेवली नाय तिनं."

मुलगी सहा दिवस जगली. तिसऱ्या दिवशी ठोके एकशे नव्वदवर आले होते आणि पूर्वानं काचेच्या पेटीतल्या भोकातून बोट आत घातलं होतं. मुलीनं ते धरलं. डोळे तसेच उघडे. "ही झोपतच नाही गं," पूर्वा म्हणाली. "सगळं बघून घ्यायचंय तिला." चौथ्या दिवशी हृदयाला पंप करता येईना, फुप्फुसांत पाणी आलं. एकोणीस नोव्हेंबर, सकाळी अकरा चाळीस. नाव ठेवलेलं नव्हतं. कागदावर 'पूर्वा शितोळे यांची मुलगी' असं होतं.

दाजी दहा दिवस राहिले. कुणावर ओरडले नाहीत. निघताना चप्पल घालता घालता पूर्वाला म्हणाले, "मला तरी सांगायचंस." एवढंच. मग कोइमतूरला गेले. रोज फोन यायचा. जेवलीस का, गोळी घेतलीस का, आणि मग दोन्ही बाजूंना नुसता श्वासांचा आवाज.

बाळंतिणीच्या खोलीत पूर्वा फोन उशाशी घेऊन पडलेली असायची. मला वाटायचं, त्यांच्या फोनची वाट बघते.

पट्टी बाळंतपणात काढली होती. पण बायका अंघोळीत, शेतात पट्टी हरवतात, म्हणून गणित तेवढ्यानं थांबत नाही. शेवटच्या आकड्यांवरून ते दहा आठवड्यांपर्यंत पुढे चालत राहतं. ते थांबवायला केंद्रातल्या तंत्रज्ञानं 'प्रसूती झाली' हा रकाना भरावा लागतो. मी आधी रजेवर होते. नंतर रजा संपली. रोज कामावर जाऊन इतर बायांचे रकाने मी भरत होते.

सात जानेवारीला, शुक्रवारी, चाळीस आठवडे पूर्ण झाले. सोमवारी सकाळी दहा वाजता पूर्वा केंद्रात आली, एकटी. डोक्याला स्कार्फ बांधलेला. माझ्या टेबलासमोर, जुलैमध्ये आत्या बसल्या होत्या त्या खुर्चीवर बसली आणि फोन माझ्यापुढे सरकवला.

पडद्यावर जोडबाळ होतं. डोळे मिटलेले, गाल भरलेले, टाळू मऊ. दोन हजार नऊशे चाळीस ग्रॅम. ठोके १३८. वर रंगीत अक्षरांत लिहिलं होतं : बाळ यायची वेळ झाली!

"शुक्रवारी हे आलं," ती म्हणाली. "तू बंद का नाही केलंस?"

"तू बघतेस हे माहीत नव्हतं."

"माहीत होतं."

"होतं," मी म्हणाले.

"आधी वाटायचं फेकून द्यावा फोन. मग वाटलं, हिचं तरी नीट होऊ दे." तिनं पडद्यावर बोट टेकवलं. "इशू, ही कोण आहे?"

मी विचार करून उत्तर दिलं. "तुझ्या रक्तात ती अँटिबॉडी नसती तर जी झाली असती, ती."

"की तू तिसरं बटण दाबलं असतंस तर?"

मी फोन तिच्याकडे सरकवला.

"जुलैत तू दोन नळ्या रक्त काढलंस. एक पट्टी जुळवायला वापरलीस. दुसरी?"

"आहे. फ्रीजरमध्ये."

"त्यात ती अँटिबॉडी किती होती ते आज पण कळेल?"

"कळेल. उणे ऐंशीला ती टिकते."

"मग कर. माझ्यासमोर कर."

मी तिला विचारलं, आता कशासाठी. तिनं खिडकीबाहेर बघितलं. बाहेर हौसाक्का कुणाशी तरी बोलत होत्या.

"आकडा किती असला म्हणजे डॉक्टरांनी ती गोळी दिली असती?"

"एकदम गोळी नाही. पाचच्या वर असता तर आधी बाळावर लक्ष ठेवलं असतं. दर दोन-तीन आठवड्यांनी सोनोग्राफी, ठोके, गळा. ठोके वाढलेले दिसले की गोळी."

"आणि पाचच्या खाली असता तर?"

"तर काही केलं नसतं. तपासणी झाली असती, कागद फाइलला लागला असता, संपलं."

"म्हणजे पाचच्या खाली आला तर आपण बोललो असतो काय आणि नसतो काय, सारखंच."

"सारखंच."

"आणि वर आला, तर?"

"गोळी वेळेत मिळालेली बाळं वाचतात, पूर्वा."

"किती?"

"जवळजवळ सगळी."

तिनं मान हलवली, भाजीचा भाव ऐकावा तशी. "आई रोज विचारते, सांगितलं असतं तर वाचली असती का गं. देवापुढं बसून विचारते, मला विचारते. मी काय सांगू? विश्वजित विचारत नाहीत, पण तेच विचारतात. मला एक आकडा दे. खाली असेल तर आईला सांगते, झोप आता. वर असेल तर... तर माहीत तरी होईल."

"निकाल सगळ्यांच्या फोनवर जाईल."

"जाऊ दे."

"कारण भरावं लागेल. तिसरा पर्याय."

"इकडे आण." तिनं माझा कीबोर्ड आपल्याकडे ओढला. प्रश्न चौदा, कारण. चौथ्या पर्यायावरची खूण काढली. तिसऱ्यावर केली. यंत्रानं लगेच विचारलं : अँटिबॉडी तपासणी करायची? तिनं होय दाबलं.

मी हातमोजे घातले आणि फ्रीजर उघडला. तिसरा कप्पा. नळी बाहेर काढली तेव्हा तिच्यावर बर्फाची पांढरी पूड होती. ती अंगठ्यानं पुसली, लेबल वाचलं, पूर्वाला वाचायला दिलं. सीरम वितळायला नऊ मिनिटं लागली. तेवढ्या वेळात तिनं नळी हाताच्या मुठीत धरून ठेवली. नियमात हे बसत नाही, पण तापमानाला फरक पडत नाही.

"पिवळं असतं होय?" ती म्हणाली.

"लाल पेशी काढल्या की पिवळं दिसतं."

"मला वाटायचं काळं असेल."

शंभर मायक्रोलिटर एका खाचेत, शंभर दुसऱ्या खाचेत. एकच नमुना दोनदा मोजायची पद्धत आहे, म्हणजे मोजणाऱ्याची चूक असेल तर कळते. झाकण लावलं. पडद्यावर अठरा मिनिटं उलटी सुरू झाली.

पूर्वानं स्वतःचा फोन उचलला. जोडबाळ अजून तिथेच होतं, श्वास घेत असल्यासारखं हलत होतं. "आता तो रकाना भर," ती म्हणाली. मी भरला. प्रसूती झाली : तेरा नोव्हेंबर, अकरा वीस. मुलगी. वजन एक हजार चारशे साठ. तिच्या हातातला पडदा पांढरा झाला. तिनं फोन टेबलावर उपडा ठेवला.

पंधरा मिनिटं राहिली होती.

"हौसाक्कांनी तिला ऐकलं होतं," ती म्हणाली. "दोनदा. आपल्यातलं तेवढंच एक माणूस."

"हो."

"त्या काय म्हणाल्या होत्या गं? पळतंय लय?"

"पळतंय गं लय."

ती ते शब्द मनात म्हणत राहिली, ओठ हलत होते. मग तिनं खुर्ची माझ्या बाजूला ओढली, लहानपणी अभ्यासाला बसायचो तशी, आणि आम्ही दोघी पडद्याकडे बघत बसलो.

दहा वाजून एकोणपन्नास मिनिटांनी यंत्र वाजलं. टेबलावर उपडा ठेवलेला फोनही थरथरला.

पहिली खाच : प्रतिलिटर ३१.६ युनिट. दुसरी खाच : ३१.२.